संथ लयीतला मारिओ

गेल्या मे महिन्यात पुण्याला दादाकडे राहायला गेले होते. एका दुपारी मी स्वयंपाकघरात कैऱ्या किसत बसले होते आणि बाहेरच्या खोलीत भाच्याने त्याच्या निन्टेंडो स्विचवर जुना ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा व्हिडिओ गेम लावला. त्याच्या सुरावटीचे पहिले सात स्वर कानावर पडले आणि माझा किसणीवरचा हात थांबला. ओळखीचा आनंद व्हायला हवा होता, पण त्याऐवजी मनात कसलीशी खटक उमटली. स्वर सगळे जागच्या जागी होते, पट्टीही तीच वाटत होती, पण चाल पळत होती. जणू कोणीतरी भजनाची शेवटची द्रुत आवर्तने पहिल्यापासूनच धरली होती. मी हात पुसत बाहेर आले आणि त्याला विचारले, “याचा वेग वाढवलायस का रे?” पडद्यावरची नजर न काढता तो म्हणाला, “नाही आत्या, हा असाच असतो.”

तो असाच असतो, हे मला मान्य होईना. मी तो तीन-चार वर्षे जवळजवळ रोज ऐकला होता. ज्या काळात माणसाच्या कानात एखादी गोष्ट कायमची बसते, त्या वयात ऐकला होता. दादा संध्याकाळी घरी आल्यावर त्यालाही ऐकवला. तो थोडा वेळ ऐकत राहिला आणि म्हणाला, “आपला संथ होता.” माझी स्मृती दगा देत नव्हती, एवढे तरी त्या एका वाक्याने नक्की झाले.

आमचे घर मिरजेचे. सतारी आणि तानपुरे घडवणाऱ्यांचे हे गाव. इथल्याच दर्ग्याच्या आवारात अब्दुल करीम खाँसाहेब विसावले आहेत. गावात गाण्याचे वातावरण होते म्हणून घराघरात गाणे होते असे मुळीच नाही, पण आमच्या घरात पेटी होती. अण्णा, म्हणजे आमचे वडील, प्राथमिक शाळेत शिक्षक होते आणि संध्याकाळी पेटी घेऊन बसत. दर गुरुवारी ते भजनी मंडळाला साथ करत. त्यांना मैफलीचे वादक व्हायचे नव्हते. त्यांना फक्त रोज काही वेळ सुरात राहायचे असे. जेवणानंतर भांड्यांचा आवाज थांबला की माजघरात भात्याचा श्वास ऐकू येई आणि त्यावर आम्ही झोपत असू.

१९९६च्या दिवाळीत मामा महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबईहून आला तेव्हा त्याच्या पिशवीत चकल्यांच्या डब्याखाली एक खोके होते. मनीष मार्केटमधून आणलेला व्हिडिओ गेम. मामाने तो अकराशे रुपयांना घेतला होता आणि आईला किंमत पाचशे सांगितली होती, हे आम्हाला फार पुढे कळले. राखाडी अंगाचा एक चपटा डबा, त्याला वायरींनी जोडलेले दोन रिमोट, एक प्लास्टिकची बंदूक, एक जड काळा अडॅप्टर आणि पिवळ्या रंगाची एक कॅसेट. कन्सोल आणि कार्ट्रिज हे शब्द आमच्या गल्लीत कोणीही उच्चारत नसे. डब्याला व्हिडिओ गेम म्हणत, त्याच्यात घालायची ती कॅसेट, आणि हातात धरायचा तो रिमोट. गल्लीत आणखी दोन घरी असेच डबे होते, एकावर ‘मीडिया’ लिहिलेले होते आणि दुसऱ्यावर ‘लिटल मास्टर’. आमच्या डब्यावरचे नाव सहा महिन्यांत बोटांनी पुसले गेले, आणि काय नाव होते ते आज आमच्यापैकी कोणालाही आठवत नाही.

हे सगळे डबे मूळ एकाच यंत्राच्या नकला होत्या, हे मी मोठेपणी वाचले. क्योतोच्या निन्टेंडो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये ‘फॅमिली कॉम्प्युटर’ नावाचे यंत्र बाजारात आणले. लाडाने त्याला फॅमिकॉम म्हणत. त्याची रचना मासायुकी उएमुरा यांच्या चमूने केली होती, आणि त्याची किंमत १४,८०० येन होती. त्यातल्या प्रोसेसरचा वेग १.७९ मेगाहर्ट्‌झ होता आणि कामापुरती स्मृती अवघी २ किलोबाइट. काही वर्षांतच तैवानमधल्या कारखान्यांनी त्याच्या चिपांच्या नकला तयार केल्या आणि पुढे सगळे यंत्र एकाच चिपेत बसवले. पुण्याच्या त्या दुपारनंतर मी माळ्यावरून आमचा डबा काढून उघडला, तेव्हा आत हिरव्या पट्टीवर डांबराच्या थेंबासारखा एक काळा ठिपका तेवढा दिसला. आमचे सगळे बालपण त्या ठिपक्याखाली होते. मूळ यंत्र बनवणाऱ्यांना आमच्या अकराशे रुपयांतला एक रुपयाही मिळाला नसणार. याची मला आज खंत वाटते, कारण मी स्वतः आता संपादनाचे काम करते आणि दुसऱ्याची मेहनत परस्पर छापली जाणे म्हणजे काय, हे जवळून पाहते. पण तो नकली डबा नसता, तर मिरजेच्या एका शिक्षकाच्या घरी ते काहीच पोहोचले नसते, हेही तितकेच खरे आहे.

आमचा टीव्ही कृष्णधवल होता. डब्यातून निघालेली तार अँटेनाच्या जागी जोडायची आणि मग टीव्हीची खुंटी फिरवत राहायची. मुंग्यांच्या वारुळासारख्या खरखरणाऱ्या पडद्यातून चित्र वर यावे लागे. ते काम दादाला जमत नसे. तो घाईने खुंटी फिरवी आणि चित्र येऊन निघून जाई. पहिल्या दिवशी अर्धा तास हे पाहिल्यावर अण्णा पेपर बाजूला ठेवून उठले, खाली बसले आणि तानपुरा लावावा तशी त्यांनी ती खुंटी केसभर केसभर सरकवली. खरखरीतून आधी आवाज आला आणि मग चित्र आले. “आधी आवाज धरायचा,” असे ते म्हणाले आणि पुन्हा पेपर वाचायला गेले. त्यानंतर जवळजवळ वर्षभर ते काम त्यांचेच राहिले. व्हिडिओ गेममुळे पिक्चर ट्यूब जाते, असे त्यांच्या शाळेतल्या एका सहकाऱ्याने त्यांच्या मनात भरवले होते, म्हणून दिवसाला एक तास अशी मर्यादा होती; पण तो एक तास सुरू करून देण्यासाठी ते स्वतः खाली बसत.

अडॅप्टर प्लगमध्ये घातला की घूं असा बारीक आवाज करी. आम्हाला तो आवाज ऐकू येत होता असेही म्हणता येणार नाही, पंख्यासारखाच तो खोलीचा भाग झाला होता. पण अण्णांच्या कानातून तो सुटला नाही. एकदा रियाजाच्या वेळी अडॅप्टर प्लगमध्येच राहून गेला होता, तेव्हा त्यांनी पेटीवर चाचपून पाहिले आणि आम्हाला सांगितले, “तुमचा हा ठोकळा पांढरी पाचमध्ये घुमतोय. जरासा चढाच आहे.” आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तने करते आणि ट्रान्सफॉर्मरचा गाभा त्याच्या दुप्पट, म्हणजे सेकंदाला १०० वेळा थरथरतो; पांढरी पाचचा, म्हणजे पेटीच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीचा, खर्जातला सूर ९८ कंपनांचा असतो. हा हिशेब मी गेल्या वर्षी मांडला. अण्णांना त्याची गरज पडली नव्हती.

कृष्णधवल टीव्हीमुळे आमचा मारिओ करड्या रंगाचा होता. त्याची टोपी लाल आहे हे आम्हाला कॅसेटवरच्या चित्रावरून माहीत होते, पण पडद्यावर तो राखी टोपीचाच. आणि त्या खेळातली झुडपे! मला ती झुडपे वाटतच नसत. ज्या आकाराचे ढग वर तरंगत, त्याच आकाराची काहीतरी गोष्ट खाली जमिनीला टेकलेली असे, म्हणून मी ठरवले होते की तिथे ढग खाली उतरतात. एकदा पावसाळ्यात आम्ही आंबोलीला गेलो होतो आणि तिथे रस्त्यावर ढग उतरलेले मी पाहिले होते, त्यामुळे यात मला काहीच नवल वाटले नाही. पुढे कळले की ते खरोखरच एकच चित्र आहे: संपूर्ण खेळ ४० किलोबाइटांत बसवायचा होता, म्हणून बनवणाऱ्यांनी ढगाचेच चित्र हिरवे रंगवून त्याचे झुडूप केले. रंगीत टीव्हीवर खेळणाऱ्या मुलांपासून जे लपले होते, ते आमच्या रंगहीन पडद्यावर उघडे होते.

दादा पहिला रिमोट घेई आणि मी दुसरा. याबद्दल कधी चर्चा झाली नाही. मारिओमध्ये दुसऱ्या रिमोटवाल्याने पहिला आऊट होईपर्यंत बसून राहायचे असते, आणि दादा लवकर आऊट होत नसे. म्हणून माझा खरा मारिओ दुपारचा होता. माझी शाळा सकाळची आणि त्याची दुपारची. तो गेल्यावर मी एकटी खेळत असे आणि शनिवारी शाळेतून लवकर आलेले अण्णा शेजारच्या खोलीत पाठ टेकून पडलेले असत.

दोघांनी मिळून खेळायचा तो कॉन्ट्रा. दोन शिपाई, हातात बंदुका, प्रत्येकाला तीन लाइफ. कोनामी कंपनीचा हा खेळ १९८८ साली घरगुती यंत्रावर आला आणि आमच्या गल्लीत पोहोचायला त्याला आणखी आठ वर्षे लागली. त्यातली तिसरी स्टेज धबधब्याची होती. तिथे पुढे पळायचे नसून दगडांवर उड्या मारत वर चढायचे असते, आणि जो आधी वर जातो त्याच्याबरोबर पडदाही वर सरकतो. खाली राहिलेला पडद्याबाहेर गेला की मेला. दादा उंच उड्या मारत निघून जाई आणि मी खालच्या दगडावरून ओरडत राही, “थांब ना, थांब ना!” त्याला थांबणे जमत नव्हते असे नाही; वर गोळ्या येत होत्या आणि एका जागी उभे राहिले तर तोही मरणार होता. हे मला आता समजते. तेव्हा मात्र प्रत्येक वेळी वाटे की याने मला सोडले.

पण त्या खेळात एक अजब सोय होती. तुमच्या लाइफ संपल्या आणि जोडीदाराकडे शिल्लक असल्या, तर बटण दाबून त्याची एक लाइफ घेता येत असे. नियमाप्रमाणे विचारण्याची गरज नव्हती. आमच्या घरात मात्र विचारावे लागे. “दादा, एक दे ना,” असे मी म्हणायचे, आणि तो पडद्यावरून नजर न हलवता कधी “घे” म्हणायचा, कधी “शेवटची आहे” म्हणायचा, आणि शेवटची असली तरी दहापैकी सात-आठ वेळा मान हलवून घे म्हणायचा. मी खाली पडून ती घालवणार हे त्याला ठाऊक असे. एरवी तो मला त्याच्या सायकलला हात लावू देत नसे.

मग एका सुट्टीत कोल्हापूरच्या आतेभावाने आम्हाला वहीच्या मागच्या पानावर एक ओळ लिहून दिली: वर, वर, खाली, खाली, डावी, उजवी, डावी, उजवी, बी, ए. सुरुवातीच्या चित्रावर ही बटणे क्रमाने दाबली की तीनाऐवजी ३० लाइफ मिळत. कोनामीतल्या काझुहिसा हाशिमोतो यांनी १९८६ साली ‘ग्रेडियस’ हा खेळ घरगुती यंत्रासाठी बसवताना, तपासणीच्या वेळी स्वतःलाच तो फार अवघड जाऊ नये म्हणून, अशी किल्ली ठेवली होती, आणि ती पुढे इतर खेळांतही गेली. ती जपानहून कोल्हापूरच्या राजारामपुरीत कशी आली, हे शोधून काढणे अशक्य आहे. पाढे जसे तोंडोतोंडी येतात तशी ती आली. आम्ही ती पाढ्यासारखीच म्हणत असू. त्या दिवसापासून आम्ही कॉन्ट्रा शेवटपर्यंत खेळू शकलो, शेवटचा बॉस मारला, आणि त्यानंतर महिन्याभरात कॉन्ट्रा खेळणे बंद झाले. मला पुष्कळ वर्षे वाटत होते की खेळ पूर्ण झाला म्हणून तो संपला. आता वाटते की मला दादाकडे काही मागावे लागेनासे झाले, म्हणून संपला.

बंदुकीचा बदकांचा खेळ आम्हाला फारसा आवडला नाही, कारण दादाने पहिल्याच आठवड्यात शोधून काढले की पडद्याला बंदूक टेकवली तर एकही बदक चुकत नाही. कॅसेटी मात्र पुष्कळ आल्या आणि गेल्या. स्टेशन रोडवरच्या एका दुकानात जुनी कॅसेट आणि दहा रुपये दिले की दुसरी मिळे. त्यांच्यावर ‘९९९९९९९ इन १’ असे लिहिलेले असे आणि प्रत्यक्षात पाच-सहा खेळच वेगवेगळ्या नावांनी, वेगवेगळ्या स्टेजपासून सुरू होत. कॅसेट चालली नाही की तिच्या तोंडात फुंकर मारायची, हे कोणी शिकवल्याशिवाय सगळ्यांना येत होते. फुंकरीने काही होत नसे. कॅसेट काढून पुन्हा घातली की पितळी पट्ट्या एकमेकींवर घासल्या जात आणि त्यानेच काम होई, उलट तोंडातल्या ओलाव्याने त्या पट्ट्या हळूहळू गंजत. अण्णा एकदा आमची फुंकर बघून म्हणाले होते की पेटीच्या सुरपट्ट्यांवर मी तुम्हाला अशी फुंकर मारू देणार नाही. मग त्यांनी पेटीच्या पेटाऱ्यातला उंटाच्या केसांचा ब्रश आणून दिला. तो आमच्याकडेच राहिला.

आता त्या सुरावटीकडे येते. ती कोजी कोन्दो यांनी बांधली. ते १९८४ मध्ये निन्टेंडोत लागले आणि हा खेळ १३ सप्टेंबर १९८५ रोजी प्रसिद्ध झाला. मारिओसाठी त्यांच्या हाताशी तीन सूर आणि एक खरखर एवढेच होते: दोन आवाज चाल आणि तिची सोबत करायला, एक खर्जासाठी, आणि ती खरखर तालासाठी. हे मी अण्णांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, “तानपुऱ्याला तरी चारच तारा असतात.” २०२३ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत ही सुरावट घेतली; खेळातले संगीत त्या यादीत जाण्याची ती पहिलीच वेळ होती. आमच्या घरात तिला मान्यता त्याच्या २६ वर्षे आधी मिळाली होती. १९९७च्या पावसाळ्यातली एक रात्र होती, वीज गेलेली होती, आणि अंधारात माजघरातून मारिओ ऐकू आला. दादा आणि मी एकदम उठून बसलो. अण्णा पेटीवर ती चाल वाजवत होते. आधी गंधारावर तीन ठोके, मग षड्जाला स्पर्श, पुन्हा गंधार, वरचा पंचम, आणि तिथून एकदम एक सप्तक खालच्या पंचमावर उडी. त्यांनी ते पुन्हा पुन्हा वाजवले. कंदील घेऊन आम्ही त्यांच्यासमोर जाऊन बसलो. ते म्हणाले, “याच्यात दोन्ही निषाद आहेत बघा. खमाज रागातही असतात, पण तिथे शुद्ध निषाद चढताना आणि कोमल उतरताना. इथे हा माणूस शुद्धाला चिकटूनच कोमल लावतो आणि लगेच धैवतावर येतो. धीट आहे.” कोण माणूस, कुठला, हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हते. मारिओची ती चाल कोणा माणसाने बसून बांधली असेल, हे मला त्या क्षणापर्यंत सुचलेही नव्हते. ते अण्णांना सुचले, कारण त्यांना निषाद ऐकू आला होता.

पुण्याहून परतल्यावर मी आठवडाभर याच एका गोष्टीच्या मागे लागले की आमचा मारिओ संथ का होता. उत्तर शेवटी विजेत आणि टीव्हीत सापडले. जपानमधला जुना टीव्ही पडद्यावर सेकंदाला जवळजवळ ६० वेळा चित्र रेखाटत असे आणि आपल्याकडचा ५० वेळा. दूरचित्रवाणीच्या सुरुवातीच्या काळात हे आकडे त्या त्या देशातल्या विजेच्या आवर्तनांवरून ठरले. (जपानमध्ये हे गणितही सरळ नाही: तोक्योची वीज ५० आवर्तनांची आणि निन्टेंडोच्या क्योतोची ६० आवर्तनांची, टीव्ही मात्र सगळीकडे ६०चा.) फॅमिकॉमचा खेळ प्रत्येक चित्राबरोबर एक पाऊल पुढे सरकतो, धावणे, उडी, संगीत, सगळेच. आपल्या टीव्हीसाठी बनवलेल्या नकली डब्यांत ही पावले सेकंदाला ६० ऐवजी ५०च पडत. जे तिकडे एका मिनिटात संपे, त्याला आमच्याकडे ७२ सेकंद लागत. पण सूर उतरला नाही, कारण सुराची उंची चित्रांच्या गतीवर नव्हे, प्रोसेसरच्या घड्याळावर ठरे, आणि ते घड्याळ आमच्या डब्यात जेमतेम एक टक्का हळू होते. म्हणजे पट्टी तीच आणि लय विलंबित. त्या दुपारी कैरी किसताना माझ्या कानाला नेमके हेच जाणवले होते.

आणखी एक हिशेब मी मांडला. मारिओच्या पहिल्या स्टेजला घड्याळ ४०० पासून उलटे चालते. ते सेकंद नसतात. दर २४ चित्रांना एक आकडा उतरतो. म्हणून जपानच्या मुलाला त्या स्टेजसाठी १६० सेकंद मिळत आणि मला १९२. खेळाच्या आत दोघांनाही वेळ सारखाच होता, कारण माझे शत्रूही तितकेच हळू चालत होते. पण खेळाच्या बाहेर, मिरजेच्या त्या खोलीत, प्रत्येक ४००मागे मला ३२ सेकंद जास्त मिळत होते. अण्णांनी दिलेल्या एका तासात मात्र त्यामुळे खेळ कमीच बसत होता. दादाला हे फोनवर सांगितले, तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही आणि मग म्हणाला, “म्हणून मला हल्ली तो धबधबा चढता येत नाही.”

आमचा डबा २००१ च्या आसपास बंद पडला. अडॅप्टर जळाला, दुसरा आणला तो जुळला नाही, आणि तोवर दादा इंजिनिअरिंगला गेला होता. कोणी त्याच्यासाठी रडले नाही. आईने तो जुन्या साडीत गुंडाळून माळ्यावर ठेवला, ब्रश आणि पिवळ्या कॅसेटीसह. आईच्या या सवयीचे माझ्यावर फार उपकार आहेत.

अण्णा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. पेटी रोज निघत नाही, खांदा दुखतो. मी शोधून काढलेले सगळे त्यांना सांगायला बसले, ५० आणि ६०, टीव्ही आणि वीज, आणि त्यांना मोबाइलवर मूळ सुरावट ऐकवली. ती त्यांनी डोळे मिटून ऐकली आणि म्हणाले, “हा घाईत आहे.” मग त्यांनी पेटी मागवली. भाता सैल झाला होता, तो त्यांनी दोनदा चाचपला आणि सुरुवात केली. गंधारावर तीन ठोके, षड्ज, गंधार, पंचम, खालचा पंचम. आमच्याच लयीत. चाल पुढे गेली, तार षड्ज, पंचम, गंधार, धैवत, आणि तिथे जे दोन निषाद यायला हवे होते ते आले नाहीत. त्यांच्या जागी अण्णांनी शुद्ध निषादावरून एकदम वरच्या गंधारावर झटकन बोट टाकले आणि परत आले. दुसऱ्या आवर्तनात तीच ओळ त्यांनी सरळ वाजवली, शुद्ध निषाद, कोमल निषाद, धैवत, जशी आहे तशी.

मला वाटले त्यांचा हात चुकला. मग ते दोन स्वर मी मनात म्हणून पाहिले आणि माझ्या अंगावर काटा आला. निषाद आणि वरचा गंधार, हा मारिओला नाणे मिळाल्याचा आवाज आहे. त्या यंत्रात आवाजांच्या जागा इतक्या मोजक्या होत्या की नाणे वाजले की ते चालीच्याच जागेवर वाजे आणि तेवढा वेळ चाल गप्प होई. स्टेज सुरू झाल्यावर काही पावलांवर प्रश्नचिन्हाचा पहिला ठोकळा असतो. दादा त्याच्याखालून पळत निघून जाई. मी कधीही तो सोडत नसे, रोज त्याच जागी, त्याच चालीने जाऊन त्याला डोके मारत असे. शनिवारच्या दुपारी शेजारच्या खोलीत पडलेल्या अण्णांनी ती सुरावट माझ्या नाण्यासकट शिकली होती.

मी त्यांना विचारले, “अण्णा, ती पहिल्यांदा घेतलेली जागा कुठून आली?”

“तिथे ती असतेच,” ते म्हणाले. “पहिल्यांदा घ्यायची, दुसऱ्यांदा नाही.” आणि भात्यावरचा हात न थांबवता ते पुढच्या ओळीकडे वळले.